अस्तोर्गाचा बिशप पॅलेस: नागपूरकरांनो, स्पेनला गेलात तर हे चुकवू नका

माद्रिद-बार्सिलोना सगळेच करतात ना भाऊ, पण अस्तोर्गाला कोणी जात नाही आणि तिथंच स्पेनचा नामी वास्तुकार गौदीचा हा पॅलेस आहे, पांढरट ग्रॅनाइटचा, बाहेरून किल्लाच वाटते. जुना वाडा 1886 मध्ये जळाला, मग बिशप ग्राऊनं आपल्याच गावच्या, रेउसच्या गौदीला बोलावलं, 1889 ला काम सुरू झालं, पण 1893 मध्ये बिशप वारले आणि गौदी काम सोडून गेला, पुढे दुसऱ्यानं पूर्ण केलं. आता इथं म्युझियम आहे, सांतियागो या संताच्या तीर्थाला जाणाऱ्या पदयात्रेचं. म्हणजे आपल्या वारीसारखंच, पायी पायी. काठी-टोपीवाल्या यात्रेकरूच्या वेशातला संत सांतियागो पाहून मी तर तिथंच थांबलो, रंगवलेल्या लाकडी मूर्ती इतक्या जिवंत वाटतात. चॅपलमध्ये रंगीत काचांतून उजेड येतो तेव्हा घाई करू नका, बसा थोडं. तळघरात रोमन शिलालेख आहेत, तेही पाहा. बागेतले जस्ताचे देवदूत मुळात छतासाठी होते म्हणे. आपल्या नागपुरातल्या सदर भागातलं एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) कॅथेड्रल ज्याला आवडते त्याला हे तर आवडणारच. पूर्ण पाच स्टार. अस्तोर्गाचं कॅथेड्रल पॅलेसच्या बाजूलाच आहे, तेही बघून घ्या.