‘ऑफ माइस अँड मेन’: अभ्यासाला आधी कादंबरी की नाटक?
अमेरिकी लेखक जॉन स्टाइनबेक यांची ही सहा प्रकरणांची छोटी कादंबरी १९३७ मध्ये आली आणि त्याच वर्षी त्यांनीच केलेले तिचे नाट्यरूप न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर रंगले. वर्गात पात्रे वाटून वाचायला नाटक सोयीचे आहे. सशांची आणि स्वतःच्या जमिनीची गोष्ट आपला सोबती जॉर्ज याच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकण्याची शेतमजूर लेनीची ओढ त्यात थेट कानावर पडते. तरीही आधी कादंबरीच वाचावी, असे मला मनापासून वाटते. तबेल्यालगत एकट्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय क्रुक्सच्या खोलीत खिळ्याला टांगलेला सोनेरी कडांचा चष्मा आहे, १९०५ च्या कॅलिफोर्निया दिवाणी संहितेची जीर्ण प्रत आहे; कायद्याचे ते पुस्तक त्याने का जपले असेल, यावर थांबायला कादंबरी उसंत देते. शेवटच्या प्रकरणात डोहावरचा बगळा पाणसाप गिळतो, तो परिच्छेद सावकाश वाचून मगच जॉर्जच्या थरथरत्या हातापर्यंत यावे.