आजीचे गोंदण, नौपाड्यातला टॅटू स्टुडिओ

ठाण्याच्या नौपाड्यात राम मारुती रस्त्यालगतच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरील छोट्या टॅटू स्टुडिओत मी गेल्या महिन्यात डाव्या हातावर आजीचे गोंदण उतरवून घेतले. आजीच्या मनगटाच्या वर तुळशीवृंदावन होते. ते ती लहान असताना जत्रेतल्या गोंदणारणीने सुयांनी टोचून काढले होते. म्हातारपणी त्याच्या रेषा हिरवट होऊन पसरल्या होत्या. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे सोबत येते, असे ती म्हणत असे.

येथील तरुण कलाकाराने दर सांगण्यापूर्वी विचारले, “ताई, हे कशासाठी करून घ्यायचं आहे?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण कोणी गोंदवून का घेते याचे उत्तर समाजागणिक बदलते. छत्तीसगडमधील रामनामी पंथाच्या लोकांना देवळात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी रामाचे नाव अंगभर गोंदवून घेतले. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती मनगटावर क्रूस गोंदवून आपला धर्म सांगतात. आणि आल्प्समध्ये 1991 साली सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या शरीरावर 61 खुणा आहेत, त्यांपैकी बऱ्याचशा कंबर, गुडघे आणि घोटे अशा झिजलेल्या जागी असल्यामुळे त्या वेदनेवरचा उपचार असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात.

माझ्या आधी आलेल्या कॉलेजच्या मुलाला खांद्यावर माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची, नक्षी हवी होती. माओरींच्या ‘ता मोको’ या पारंपरिक गोंदणामध्ये त्या व्यक्तीची वंशावळ आणि घराणे कोरलेले असते, त्यामुळे दुसऱ्याचा मोको जसाच्या तसा उचलणे म्हणजे परक्याचे कुळ आपल्या अंगावर लिहून घेणे होय, हे कलाकाराने त्याला शांतपणे समजावले. बाहेरच्या लोकांसाठी ‘किरितुही’ हा वेगळा प्रकार असतो, हेही त्याने सांगितले. गिऱ्हाईक हातचे जाण्याची शक्यता असताना इतके स्पष्ट बोलणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. मात्र त्यांच्याच नमुन्यांच्या वहीत तशाच नक्ष्या कोणत्याही माहितीविना छापलेल्या आहेत, ही उणीव त्यांनी दूर करायला हवी.

माझ्या बाबतीत एक गोष्ट खटकली. पहिल्या स्टेन्सिलमध्ये, म्हणजे गोंदण्याआधी त्वचेवर उमटवायच्या आराखड्यात, संगणकाने वृंदावनाच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या करून टाकल्या होत्या, आणि त्यामुळे ते आजीचे राहिलेच नव्हते. मी तसे सांगताच त्याने कुरकुर न करता आजीचा फोटो मोठा करून पायरीखालचे ठिपके मोजले, डावीकडचा ठिपका जरा खाली घसरलेला आहे हे त्याच्या लक्षात आले, आणि सगळी आकृती हाताने पुन्हा काढली. या कामात पाऊण तास गेला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

स्वच्छतेबाबत तक्रारीला जागा नाही: सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडले, शाई छोट्या कपात नव्याने ओतली, हातमोजे दोनदा बदलले. साडेतीन हजार रुपये घेतले, परंतु दरपत्रक भिंतीवर नाही, ते लावावे. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हे तेथे कोणी सांगितले नाही. नियमित रक्तदात्यांनी तारीख ठरवण्यापूर्वी याचा विचार करावा. शनिवार-रविवारी गर्दी असते, त्यामुळे जुने गोंदण उतरवून घ्यायचे असेल तर मधल्या वारी जावे आणि आजीचा फोटो शक्य तेवढा जवळून काढलेला न्यावा.