खाचांच्या ब्रेक डिस्क: नऊ महिने, अकरा हजार किलोमीटर

सासुरवाडी खंडव्याची, त्यामुळे महिन्यातून दोनदा सिमरोलपुढचा भेरूघाट ठरलेला. गेल्या वर्षी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. बायको म्हणाली, रस्ताच तसा आहे. पण पेडलवरून पाय काढला की थरथर बंद, मग रस्त्याला काय दोष द्यायचा?

इंदूरला परतल्यावर गॅरेजमध्ये चाक काढलं. डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या थाळीवर, किमान जाडी २० मिमी कोरलेली होती. पोराने व्हर्नियर लावून २१ सांगितले. उस्तादाने त्याला बाजूला सारलं, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उरते आणि व्हर्नियर तिच्यावरच टेकतो. मायक्रोमीटरने आतल्या बाजूला मापलं तर १९.६. लेथवर घासून घेण्याचा विषयच संपला.

नव्या घ्यायच्याच तर भोकांच्या घेऊ, अलॉयमधून दिसतातही झकास, असं माझ्या मनात. उस्ताद म्हणाला, "भिया, छेदवाली रहने दो, वहीं से क्रॅक चालू होता है." खरं आहे, तापून निवून भोकांच्या काठाला बारीक चिरा पडतात. शिवाय बिडाचं वजन घटलं की उष्णता झेलायची ताकदही घटते. मग खाचांच्या घेतल्या, कंपनीच्या साध्या जोडीच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजून.

पोरगा हबवरच्या गंजावरच डिस्क चढवत होता. थांबवलं. गंजाची पापडी राहिली तरी डिस्क तिरकी बसते. वायर ब्रशने हब घासून, डिस्क फिरताना किती डोलते ते बघायला डायल गेज लावला: फक्त ०.०३ मिमी. नट टॉर्क पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने कसले. डिस्कला दाबून घासणारे पॅडही नवे. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या बायपासवर ताशी ६० वरून १५, असं दहा वेळा केलं, पण गाडी पूर्ण उभी केली नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की त्याचा थर एकाच जागी चिकटतो.

थरथर गेली ती गेलीच. पावसात पहिल्याच दाबाला ब्रेक पकडतो, हे खाचांचं श्रेय. पण वेगात ब्रेक लावला की घर्रर्र आवाज येतो. बाबा मागे बसले की विचारतात, "विमान उतरतंय का रे?" पॅड आताच निम्म्यावर आलेत, आधीचे इतक्या लवकर कधी झिजले नव्हते. थांबायचं अंतर मात्र मला तरी कमी झालेलं जाणवलं नाही. जुन्या डिस्कवरही जोरात दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागायचंच, म्हणजे कमी पडत होती ती टायरची पकड.

गंमत म्हणजे घाटाच्या शेवटी पेडल नरम पडायचं ते नव्या डिस्कवरही पडतच राहिलं! ब्रेक ऑइल चार वर्षांचं होतं, आणि ते तापून उकळलं की वाफेचे बुडबुडे होऊन पेडल नरम पडतं. माझं डॉट ४ प्रकारचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसं पाणी शोषलं की ही हद्द १५५ पर्यंत उतरते. ऑइल बदललं, एअर काढली, आणि पुढच्याच फेरीत पेडल शेवटपर्यंत कडक. खर्च डिस्कच्या दहाव्या हिश्श्याचाही नाही.

पॅड संपले की या डिस्क भावाच्या गाडीला देतोय, तो रतलामच्या सरळ रस्त्यावर सुसाट जातो आणि त्याला आवाज आवडतो. मला साध्या, कोटिंगच्या चालतील.