एचआयआयटी: दिवाळीपासून करून राहिलो, खरं काय ते सांगतो

एचआयआयटी म्हणजे थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, मग थोडा आराम, असे आळीपाळीनं राऊंड. दिवाळीनंतर सुरू केलं, मधात उन्हाळा गेला, आता पावसाळाही अर्धा सरला, म्हणून लिहून राहिलो. वय 41, कृषी केंद्र आहे, दिवसभर गल्ल्यावर बसणं, पोट सुटलेलं. जिम तालुक्याला, रोज कोण जाते!

यूट्यूबवर "4 मिनिटात पोट गायब" वाले व्हिडिओ असतात ना, त्यांच्या नादी लागू नका. त्यात तबाता म्हणून जे दाखवतात ते जपानचे इझुमी तबाता यांच्या 1996 च्या अभ्यासातून आलं, 20 सेकंद जीव तोडून अन् 10 सेकंद आराम, पण ते सायकलवर होतं, आधीच तयारीचे पोरं होते, अन् त्यात दम किती वाढते ते मोजलं होतं, पोट नाही.

मी पांदण रस्त्याच्या पुढं कॅनॉलच्या पुलाचा चढ धरला. 30 सेकंद जोरात वर, मग दीड मिनिट चालत खाली, असे सहा-सात राऊंड, आठवड्यातून तीनदा, बस. पोलीस भरतीवाले पोट्टे 1600 मीटरची प्रॅक्टिस करतात तिथंच, पहिल्या दिवशी म्हणे, "काका, कुत्रं मागं लागलं का?" पण चढाचा सल्लाही त्यांचाच, चढावर गुडघ्याला आदळ कमी बसते. बर्पी (खाली बसून, पाय मागं टाकून, परत उठून उडी मारणं) केल्या तं माझे गुडघे बोलायले लागले, त्या सोडल्या. आता 4 मिनिटं जोरात, 3 मिनिटं हळू, असे चार, हेही करतो. जोर किती, तं 220 मधून वय वजा केलं की मिनिटाले जास्तीत जास्त ठोके किती ते अंदाजे निघते, माझे 179, त्याच्या 85 ते 95 टक्के. घड्याळबिड्याळ नाही आपल्याजवळ, थांबल्याबरोबर मानेवर बोटं ठेवून 15 सेकंद मोजतो, 40 च्या आसपास ठोके आले की बरोबर. हा 179 वाला आकडा माणसागणिक दहा-बारा इकडंतिकडं होते, म्हणून दुसरी खूण, दोन शब्दांच्या वर बोलता आलं तं जोर कमी आहे.

दम दीड-दोन महिन्यातच वाढला. युरियाची 45 किलोची बॅग टेम्पोतून गोदामात टाकून लगेच गिऱ्हाइकाशी बोलता येते, आधी हातानंच खुणा कराव्या लागे.

पोटाचं मात्र वेगळं. सुरुवातीला वजन हाललंच नाही. व्यायामानंतरही दिवसभर चरबी जळत राहते म्हणतात ते असते, पण लई थोडं, तर्री पोह्याची एक प्लेट त्याला पुरून उरते. चरबी कमी करायले एचआयआयटी अन् लांब चालणं जवळपास सारखंच, फक्त इथं वेळ वाचते. मग रात्रीचा भात अर्धा केला, एक भाकर, वरण घट्ट, उकडलेले अंडे, अन् मधल्या दिवशी दंड-बैठका, कारण नुसतं पळून अंगावर मांस चढत नाही. तेव्हा कुठं फरक दिसला, आडत्याच्या काट्यावर चारेक किलोच, पण करदोडा इतका ढिला झाला की गाठ सरकवून बांधावा लागला. बायकोनं आधी तेच पाह्यलं.

मे महिन्यात पारा 45 च्या वर, तेव्हा पहाटे पाचलाच, अन् राऊंडही कमी. पावसात पांदणीची काळी माती बुटाले किलोकिलोनं चिकटते, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात जागच्या जागी पळतो. रोज करू नका, मधात एक दिवस सोडाच. बीपी, शुगर, छातीत दुखणं असन तं आधी डॉक्टरले दाखवा. बाकी खर्च फक्त बुटाचा, तेवढे चांगले घ्या, चपलेवर चढ पळू नका राजेहो.