सॅलिसबरी कॅथेड्रल: आधी टॉवरचं तिकीट, मग रेल्वेचं

आम्ही नेमकं उलट केलं. लंडनच्या वॉटर्लूहून गाडी पकडली, दीडेक तासात सॅलिसबरी, आणि दारात गेल्यावर कळलं की टॉवर टूरच्या त्या दिवशीच्या जागा संपल्यात. चूक आमचीच. चार दिवसांनी मी एकटा परत गेलो.

गेलो ते बरं केलं. गाइडबरोबर 332 पायऱ्या चढायच्या, काही जिने इतके अरुंद आणि गोल की पाठीवरची सॅक भिंतीला घासते. वर शिखराच्या पोटात उभं राहून मान वर केली की लाकडांचं जंगल दिसतं. 14व्या शतकात शिखर बांधताना आतून घातलेली परांची! काम संपलं तरी कुणी उतरवलीच नाही. शिखराचं टोक जमिनीपासून 123 मीटरवर, ब्रिटनमध्ये याहून उंच चर्च-शिखर नाही, आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल. 1220 साली काम सुरू झालं तेव्हा एवढं ओझं पुढे डोक्यावर येणार हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. त्यामुळे खाली, चर्चच्या आत शिखराच्या बरोबर खालच्या चौकात उभं राहून खांबांकडे वर बघा, आलेला बाक नुसत्या डोळ्यांना दिसतो. 1668 मध्ये वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने मोजलं तेव्हा शिखर पाऊण मीटरच्या आसपास कललेलं निघालं. हे वाचून चढायचं की चढून आल्यावर वाचायचं, तुमचं तुम्ही ठरवा.

गुडघे दुखत असतील तर टॉवर सोडा. पहिल्या फेरीत आई बरोबर होती, तिला खालचंच भरपूर झालं. चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या जुन्या सभागृहात, 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या (राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद) उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक आहे. सगळे ती बघून बाहेर पडतात. आई मात्र भिंतीवरच्या कोरीव पट्ट्यात रमली: आदाम-हव्वा, नोहाचं तारू, एकेक गोष्ट ओळखत अर्धा तास. नंतर 2008 सालच्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर तिने पर्स ठेवायला हात पुढे केला. पाणी इतकं निश्चल की काळ्या काचेचं टेबलच वाटतं. मी वेळेवर हात धरला.

1386 च्या सुमाराचं घड्याळ चुकवू नका. त्याला तबकडीच नाही, काम फक्त तासाचे टोल देण्याचं. रंगीत काचांच्या आशेने जाणाऱ्यांची मात्र थोडी निराशा होईल. 18व्या शतकाच्या शेवटी वास्तुविशारद जेम्स वायटने 'सुधारणा' करताना जुन्या काचा बऱ्याचशा काढून टाकल्या.

परतीची गाडी उशिराची ठेवा, म्हणजे इव्हनसाँग, गायकवृंदाची संध्याकाळची प्रार्थना, मिळेल. त्याला तिकीट नाही. आम्ही गेलो तेव्हा मुली गात होत्या. इंग्लंडच्या कॅथेड्रलांमध्ये मुलींचा स्वतंत्र गायकवृंद पहिल्यांदा इथेच, 1991 मध्ये सुरू झाला. शेवटचा सूर बराच वेळ वर घुमत राहिला. आईने हळूच विचारलं, "टाळ्या नाही वाजवायच्या?"

नाही वाजवत.