बायोडिझाइनचा वर्ग: शिकवणारे कोण, आणि बांबोळीला ते कितपत उपयोगी

वैद्यकीय उपकरणांचे उद्योजक घडवणारे विद्यापीठांचे कार्यक्रम हल्ली माहितीपत्रकावरून वेगळे ओळखू येत नाहीत. सगळीकडे पांढरा कोट, थ्रीडी प्रिंटर आणि हातात चेक घेतलेली हसरी मुलं. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातली (गोमेकॉ) इंटर्नशिप संपवून बाहेर पडणारा डॉक्टर, फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन निघालेली अभियंता किंवा वेर्ण्याच्या औषध कंपनीत गुणवत्तेची हमी (क्यूए) सांभाळणारा माणूस यांनी आयुष्याचं एक वर्ष अशा ठिकाणी द्यायचं असेल, तर आधी तिथली माणसं पाहावीत. इमारत मागाहून.

ज्यावरून बाकीच्यांनी कित्ता गिरवला तो स्टॅनफर्डचा बायोडिझाइन कार्यक्रम. २००१च्या सुमारास पॉल यॉक आणि जॉश मॅकॉवर यांनी तो उभा केला. यॉक हृदयरोगतज्ज्ञ. अँजिओप्लास्टीचा, म्हणजे अरुंद धमनी फुग्याने रुंद करणाऱ्या नळीचा, ‘रॅपिड एक्स्चेंज’ बलून कॅथेटर त्यांचा. त्याआधी कॅथेटर बदलायचा तर तो जिच्यावरून सरकतो ती तार सुमारे तीन मीटर लांबीची लागे, आणि ती धरून ठेवायला दुसरा माणूस. यॉक यांनी तारेचा मार्ग कॅथेटरच्या टोकाजवळच्या छोट्या भागापुरता ठेवला. मग नेहमीची आखूड तार पुरू लागली आणि एकटा डॉक्टर काम उरकू लागला. मॅकॉवर यांनी सायनसचा मार्ग बलूनने रुंद करणारी अ‍ॅक्लॅरंट कंपनी काढली. दोघांनीही वस्तू केली, मंजुरीतून नेली, विकली. त्यामुळे ‘हे कोण विकत घेणार?’ हा प्रश्न तिथे पदवीदानाच्या आठवड्यात नाही, पहिल्या महिन्यातच पडतो. शिकवण्यात याहून मोठा गुण नाही.

पद्धत सांगायला सोपी आहे, करायला जिवावर येते. डॉक्टर, अभियंता, व्यवसाय कळणारा अशा चौघांची तुकडी इस्पितळात नुसती उभी राहून बघते. दोनशेच्या वर गरजा टिपते, मग एक सोडून बाकी सगळ्या टाकून देते. उत्तर सुचवायला तोवर बंदी. गरजेच्या वाक्यात तीनच गोष्टी असाव्या लागतात: अडचण काय, कोणाची, आणि सुटली तर मोजता येईल असं काय बदलेल. ‘प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी स्वस्त ईसीजी यंत्र’ हे वाक्य तिथे पहिल्याच वाचनात बाद होतं, कारण त्यात उत्तर आधीच घुसलेलं आहे. ‘छातीत दुखत आलेल्या, घामाघूम रुग्णाचा पहिल्याच प्रयत्नात वाचता येईल असा आलेख मिळण्याचा मार्ग, म्हणजे तज्ज्ञाचा निर्णय लवकर मिळेल’ हे चालतं.

हेच उदाहरण आपल्याकडे लावून बघा. गोव्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी बाहेरच्या केंद्रांवरून ईसीजी तज्ज्ञाकडे पाठवण्याची ‘स्टेमी’ योजना आहे. काणकोण किंवा वाळपईहून आलेख खराब गेला, तर तो पुन्हा काढण्यात मिनिटं जातात. तो खराब का होतो? कातडी घामाने ओली, छातीवर केस, पाकीट उघडं राहून इलेक्ट्रोडची जेल सुकलेली, क्लिप सैल, अर्थिंग नीट नसल्याने पन्नास हर्ट्‌झची थरथर. यातली बहुतेक कारणं रेझर, स्पिरिटचा बोळा आणि घट्ट बंद केलेलं पाकीट यांनी मिटतात. म्हणजे कंपनी काढण्याजोगी गरज उरतच नाही. चांगला मार्गदर्शक हे ऐकून खूश होतो. हौशी मार्गदर्शक म्हणतो, ‘अरे, त्याला अ‍ॅप जोडा ना!’ दोघांतला फरक ओळखण्याची याहून स्वस्त कसोटी नाही.

गाळणीतून टिकून राहिलेल्या गरजेचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे आयरिदम. स्टॅनफर्डच्या फेलोशिपमधून निघालेली ही कंपनी २००६ची. हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं होल्टर यंत्र साधारण एक-दोन दिवस अंगावर असतं, आणि अधूनमधून चुकणारा ठोका नेमका त्या दोन दिवसांत चुकेलच असं नाही. त्यांची छातीवरची पट्टी चौदा दिवसांपर्यंत नोंद ठेवते. आता हाच चिकटा श्रावणातल्या कुडचड्यात चौदा दिवस टिकेल का, हा प्रश्न कॅलिफोर्नियात कोणाला पडला नसेल तर दोष त्यांचा नाही.

स्टॅनफर्डच्या कार्यक्रमाची भारतातली शाखा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून, दिल्लीच्या एम्स आणि आयआयटीत सुरू झाली. तिची धुरा हृदयरोगतज्ज्ञ बलराम भार्गव यांच्याकडे होती, जे पुढे आयसीएमआरचे महासंचालक झाले. तिचं पुढचं नाव स्कूल ऑफ इंटरनॅशनल बायोडिझाइन. नवजात बाळाची श्रवणचाचणी करणारं ‘सोहम’ हे यंत्र तिथलं, २०१७मध्ये बाहेर आलेलं. बाळाला बोलायचं नाही, मान वळवायची नाही. डोक्याला लावलेले इलेक्ट्रोड मेंदूचा प्रतिसाद टिपतात, बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच. अडचण भारतातली, मोजमाप स्वच्छ, वापरणारी व्यक्ती तज्ज्ञ असण्याची गरज नाही. गरजेचं वाक्य नीट लिहिलं की यंत्र असं निघतं.

आपल्याला जवळचा पर्याय आयआयटी मुंबईचा बेटिक, म्हणजे तिथला वैद्यकीय उपकरणं घडवणारा उपक्रम. २०१४मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे प्रा. बी. रवी यांनी महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने तो सुरू केला. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्था ही जोडकेंद्रं. साध्या स्टेथोस्कोपला जोडून आवाज मोठा करणारं आयुसिंक इथलं. स्टॅनफर्डची ताकद बघण्यात, बेटिकची कार्यशाळेत. हाताला तेल लागलेलं चालत असेल तर बेटिक घ्या. रवी २०२३पासून कर्नाटकातल्या सुरतकलच्या एनआयटीके या अभियांत्रिकी संस्थेचे संचालक झाले. सुरतकल कोकण रेल्वेवरच आहे, मडगावहून गाडी बदलायची गरज नाही.

आता उणीव. परदेशी साच्यातल्या अभ्यासक्रमात मंजुरी म्हणजे अमेरिकेची ५१०(के) ही उपकरणांची मंजुरी आणि पैसा म्हणजे विमा कंपनी. इथे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७चे आहेत, १ जानेवारी २०१८पासून लागू. उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याकडे: अर्ज एमडी-३, परवाना एमडी-५, आणि आपलं अन्न व औषध प्रशासनाचं (एफडीए) कार्यालय बांबोळीतच. सी आणि डी वर्गासाठी एमडी-७ भरून दिल्लीहून एमडी-९. थर्मामीटर बी वर्गात, हृदयाची झडप डी वर्गात. चाचणीसाठी चार नग करायचे तरी आधी एमडी-१२ भरून एमडी-१३ घ्यावा लागतो. मुलं नेमकी इथे घसरतात, कारण ‘अजून विकत कुठे आहोत?’ असं त्यांना वाटतं. रुग्णांवर चाचणी असेल तर नैतिकता समितीची मान्यता, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. नंतर केलेली नोंद कामाची नाही.

पेटंटचं तर हसूच येतं. हॅकेथॉनच्या मंचावर यंत्र उघडून दाखवायचं, पेपरात फोटो, आणि मग वकिलाकडे. तोवर नावीन्य गेलेलं असतं. तात्पुरता अर्ज आधी करा, पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्या. गोव्यासाठी कार्यालय मुंबईचं. उपचाराच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही, उपकरणावर मिळतं. त्यामुळे दावा लिहिताना ‘डॉक्टर असं करतो’ हे वाक्य काढून टाका.

पैशाबद्दल थोडक्यात. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग अनुदान पन्नास लाखांपर्यंत, अठरा महिन्यांसाठी. विद्युत सुरक्षेच्या चाचण्या, साचे आणि गुणवत्ता व्यवस्थेची (क्यूएमएस) कागदपत्रं यांत ते पाण्यासारखं जातं. गोव्यात ‘ग्राहक कोण’ याचं उत्तर बहुतेक वेळा सरकार असतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच आहे. तुमच्या यंत्राने होणारी प्रक्रिया त्या यादीत बसते का, हे आधी बघा. निविदेत सगळ्यात कमी दर जिंकतो, आणि दुरुस्तीचा खर्च त्या दरात दिसत नाही.

म्हणून या कार्यक्रमांच्या माणसांत जी आपल्याला दिसत नाहीत, त्यांची चौकशी करावी. वॉर्डातली सिस्टर, जी यंत्राचा अलार्म का बंद करून ठेवते हे जाणते. बायोमेडिकलचा तंत्रज्ञ, ज्याच्या टेबलावर खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कनेक्टर असतात आणि जो सर्किटवर संरक्षक लेप आहे का हे सगळ्यात आधी विचारतो. भांडारातला कारकून, ज्याला ठाऊक असतं की वायर संपली की नवी यायला किती महिने लागतात. माहितीपत्रकात हे तिघे नसतात. सल्लागारांच्या यादीत दहा नावं गुंतवणूकदारांची आणि नर्स एकही नाही, असं दिसलं तर गुण कापा.

मुलाखतीला गेलात तर तीन गोष्टी विचारून या. गेल्या तुकडीने किती गरजा टाकून दिल्या आणि का. इस्पितळात सलग किती आठवडे उभं करता, आणि रात्रपाळीला परवानगी आहे का. आणि बक्षीस मिळालेलं एखादं यंत्र आज कोणत्या वॉर्डात चालू आहे, ते जाऊन बघता येईल का.