बेसच्या मागे कोण: मारियाडीबी की पोस्टग्रेस?

लिनक्सवर लिबरऑफिसच्या आधाराने डेटाबेस शिकायला बसलेल्या माणसाला बेस, म्हणजे त्यातला डेटाबेसचा प्रोग्राम, वापरावे की नाही हा प्रश्न फार वेळ पडत नाही. बेसच्या मागे नोंदी प्रत्यक्षात सांभाळणार कोण, हा खरा पेच असतो. फॉर्म, क्वेरी (नोंदींना विचारलेला प्रश्न) आणि अहवाल यांपुरते बेस पुरेसे चांगले आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या अंतर्भूत एचएसक्यूएलडीबी या डेटाबेसविषयी मात्र थोडक्यातच लिहितो. त्याची आवृत्ती जुनी, १.८, असून त्यासाठी जावा लागते. शिवाय सगळ्या नोंदी ओडीबी फाइलीत, म्हणजे प्रत्यक्षात एका झिप संचात, राहत असल्यामुळे ती फाइल जतन होण्यापूर्वी प्रोग्राम कोसळला तर नव्या नोंदी हाती लागतीलच असे नाही. पहिले काही दिवस चाचपडण्यासाठी ते ठीक आहे. त्यापुढे निवड मारियाडीबी आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेस सर्व्हरांतच करावी, असे मला वाटते.

सुरुवातीच्या सोयीत मारियाडीबी पुढे आहे, हे मान्य करायला हवे. डेटाबेसचे नाव, सर्व्हर, ३३०६ हा पोर्ट आणि वापरकर्ता एवढे भरले की बेस जोडले जाते. २००९ साली मायएसक्यूएलपासून फुटून निघालेला हा प्रकल्प असल्यामुळे मायएसक्यूएलसाठी लिहिलेले बहुतेक धडे येथेही चालतात. पोस्टग्रेसने माझी पहिली संध्याकाळ जोडणीतच खाल्ली. डेबियन व तिच्या कुळातील वितरणांत स्थानिक जोडणीसाठी पासवर्ड विचारला जात नाही. लिनक्सच्या वापरकर्त्याचे नाव आणि डेटाबेसमधील भूमिकेचे (तिथल्या खात्याचे) नाव एकच आहे का, एवढेच पाहिले जाते. हे ठाऊक नसल्यामुळे मी पासवर्ड पुनःपुन्हा बदलत बसलो होतो. आपल्याच नावाची भूमिका तयार केल्यावर अडचण क्षणात मिटली.

पोस्टग्रेसची दुसरी खोड अधिक चिवट आहे. बेस तक्त्यांची व रकान्यांची नावे अवतरणचिन्हांत पाठवते, त्यामुळे रोमन मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव तसेच्या तसे नोंदले जाते. पुढे टर्मिनलवर तेच नाव अवतरणाविना लिहिले की पोस्टग्रेस ते लहान अक्षरांत वाचते आणि असा तक्ताच नाही म्हणून सांगते. सगळी नावे पहिल्यापासून लहान अक्षरांत ठेवणे, हाच यावर सोपा उपाय आहे.

एवढे असूनही माझे मत फिरले ते एका क्वेरीमुळे. पुस्तकांच्या देवघेवीची नोंदवही मी मारियाडीबीत ठेवली होती आणि प्रत्येक सभासदाने शेवटचे कोणते पुस्तक नेले, हे मला हवे होते. सभासदानुसार ग्रुप बाय (गटवारी) केले, तारखेवर मॅक्स (गटातील सर्वांत अलीकडची तारीख देणारे फंक्शन) लावले, शेजारी पुस्तकाचे नाव मागितले आणि बेसमध्ये ‘एसक्यूएल थेट चालवा’ हा पर्याय निवडून (एसक्यूएल ही क्वेरी लिहिण्याची भाषा) क्वेरी चालवली. उत्तर तत्काळ आले, कोणतीही तक्रार न होता. तारखा अचूक होत्या. पुस्तके मात्र त्या तारखांची नव्हती, गटातील कोणत्याही एका ओळीतून उचललेली होती. ती क्वेरी मी लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये ओढून घेतली, तिच्यावरून यादी केली आणि ती काही दिवस वापरलीही. चूक लक्षात आली ती एका सभासदाने यादीतले पुस्तक आपण केव्हाच परत केल्याचे सांगितल्यावर.

तीच क्वेरी पोस्टग्रेसने चालवूनच घेतली नाही. पुस्तकाचा रकाना ग्रुप बायमध्ये घ्या किंवा त्यावर मॅक्ससारखे एकत्रीकरणाचे फंक्शन लावा, असे त्याने बजावले. तो संदेश समजून घेण्यात माझा अर्धा तास गेला, पण गटवारी म्हणजे नेमके काय, हे मला त्या अर्ध्या तासातच उमगले. त्यानंतर डिस्टिंक्ट ऑन ही, प्रत्येक गटातील पहिलीच ओळ देणारी, पोस्टग्रेसची खास सोय सापडली आणि हवी ती यादी मिळाली. अशी थेट चालवलेली क्वेरी बेसमध्ये केवळ वाचण्यापुरती राहते, तिच्यात दुरुस्ती करता येत नाही. यादीसाठी त्याने काही बिघडले नाही.

वेगाविषयी मी काही बोलणार नाही. काही हजार नोंदींवर मला दोघांत फरक जाणवला नाही. ज्याला पुढे संकेतस्थळांचेच काम करायचे आहे, त्याने मारियाडीबी घेतले तर ते चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र त्याने पहिल्याच दिवशी एसक्यूएल मोड या सेटिंगमध्ये ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ हा, अशा चुकीच्या गटवारीची क्वेरी नाकारणारा, पर्याय जोडून घ्यावा. मायएसक्यूएलने तो ५.७ या आवृत्तीपासून मुळातच चालू ठेवला आहे, मारियाडीबीत मात्र तो आपणहून चालू करावा लागतो. असा काही पर्याय आहे, हे मला समजले तेव्हा चुकीची यादी सगळ्यांच्या हाती गेलेली होती.